सुप्याच्या बाजारात कागद का जळाले?

परवा आमची बस जिल्हाधिकारी कचेरीच्या अलीकडे चांगली पाऊण तास अडकून पडली. पुढे मोर्चा होता. घोषणा ऐकू येत होत्या, पण कसला मोर्चा आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. माझ्याबरोबर आमच्या शेजारची सातवीतली मुलगी होती. तिचं नाव छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून आपण तिला नुसतं ‘ताई’ म्हणू. ताईला चित्रकलेच्या क्लासला उशीर होत होता. ती वैतागून म्हणाली, “काका, असा रस्ता अडवून या लोकांना मिळतं तरी काय?”

मी म्हटलं, “कधी काहीच मिळत नाही. कधी खूप मिळतं, पण फार उशिरा मिळतं. बस लवकर सुटायची लक्षणं नाहीत, तेव्हा तुला एक गोष्ट सांगतो. खरीखुरी. आपल्याच जिल्ह्यातली.”

तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

चौथीच्या पुस्तकात तुम्ही ‘पुणे आणि सुपे’ ही नावं वाचली असतील. शहाजीराजांच्या जहागिरीतलं ते सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे. मोरगावच्या गणपतीला गेलात तर तिथून फार लांब नाही. हा सगळा कमी पावसाचा मुलूख. ज्वारी-बाजरीचा.

१२ मे १८७५, बुधवार. सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून शेतकरी आले होते. पण त्या दिवशी ते मीठ-मिरची घ्यायला आले नव्हते. जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. मागणी एकच होती : “आमचे कागद बाहेर काढा!” कागद म्हणजे कर्जाचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या. ते रस्त्यावर आणून जाळले. धान्याची दुकानं लुटली. काही घरांनाही आग लागली.

पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचलं. सत्तावनचा उठाव होऊन वीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे इंग्रज सरकार हादरलं. गावोगाव पोलीस बसवले, फौज बोलावली. ९५१ माणसांना अटक झाली. त्यांतल्या पुष्कळांना शिक्षा झाल्या. सरकारी कागदांत याचं नाव पडलं ‘डेक्कन रायट्स’, म्हणजे दख्खनचे दंगे.

आता नीट लक्ष द्या. दंगा म्हटलं की मारामारी, डोकी फुटणं हे डोळ्यांपुढे येतं ना? पण सरकारने नंतर चौकशी केली, तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं की माणसांना इजा फार थोडी झाली होती. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक ठिकाणी लोक कागद जाळून निघून गेले. राग माणसापेक्षा कागदावर जास्त होता.

ताईने लगेच विचारलं, “कागदावर कसला राग?”

तेच तर समजून घ्यायचं आहे. आणि त्यासाठी सुप्याहून थेट अमेरिकेला जावं लागतं!

सातासमुद्रापलीकडची लढाई

इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांना लागणारा कापूस बहुतेक अमेरिकेतून जात असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी ठेवायची की नाही, यावरून उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं एकमेकांशी लढू लागली. कापूस पिकायचा दक्षिणेत. तिथली बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

मुंबईत नुसती धांदल उडाली! कापसाचे भाव आकाशाला भिडले. व्यापाऱ्यांनी सावकारांना पैसा दिला, सावकारांनी खेडोपाडी शेतकऱ्यांना दिला. “कापूस लाव, एकरामागे शंभर रुपये उचल घे,” असं सांगायलासुद्धा माणसं मागेपुढे पाहत नव्हती. कापसाबरोबर धान्याचे भावही चढले. मुंबईत लोक शेअरांच्या मागे वेडे झाले. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे कागद सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल किंवा चित्रात तरी पाहिला असेल. त्यासाठी पैसा देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सगळ्यांत गाजलेले व्यापारी. टॉवरला नाव आहे ते त्यांच्या आईचं.

१८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या, बँका अडचणीत आल्या, मोठमोठे शेठ एका रात्रीत कंगाल झाले. प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. मुंबईच्या व्यापाऱ्याने हात आखडला, तसा खेड्यातल्या सावकारानेही आखडला. आदल्या वर्षी घरी येऊन पैसे देणारा माणूस आता म्हणू लागला, “आधीचं फेड, मग बोल.”

म्हणजे बघा, ज्या शेतकऱ्याने अमेरिका कुठे आहे हे ऐकलंही नसेल, त्याच्या चुलीवर तिथल्या लढाईचा परिणाम झाला. संकट असं दुरून चालत येतं आणि दारात येईपर्यंत त्याची चाहूलही लागत नाही.

सारा वाढला, भाव पडले

याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. शेतसारा, म्हणजे जमिनीवरचा कर, सरकार तीस तीस वर्षांसाठी ठरवत असे. इंदापूर तालुक्यात पहिल्यांदा असा सारा १८३६ साली ठरला होता. ती तीस वर्षं संपली. नवा सारा ठरवायची वेळ आली ती नेमकी कापसाच्या तेजीच्या काळात. अधिकाऱ्यांनी पाहिलं, भाव चढलेत, शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळतोय. काही ठिकाणी सारा दीडपट, तर काही ठिकाणी थेट दुप्पट केला!

नवा सारा लागू झाला आणि भाव पडले. पण सारा काही खाली आला नाही. तो रोख भरावा लागे आणि ठरलेल्या वेळीच भरावा लागे. पाऊस पडो न पडो. मग सावकाराकडे जाण्यावाचून दुसरा रस्ता कुठला?

जरा गणित करू या

गणिताचं नाव काढल्यावर पान उलटू नका! हे अगदी सोपं आहे.

जुन्या काळी आपल्याकडे ‘दामदुपट’ नावाची रीत होती. व्याज कितीही साचलं तरी ते मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे शंभर रुपये घेतले तर जास्तीत जास्त दोनशे द्यायचे. दुप्पट झाली की बस्स.

१८५९ साली सरकारने कायदा केला की कर्जाचा रोखा तीनच वर्षं चालेल. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगलाच होता की नाही? पण झालं भलतंच. तीन वर्षं झाली की सावकार म्हणे, “जुना रोखा संपला. आता नवा लिही.” नव्या रोख्यात मुद्दल किती लिहायचं? तर जुनं मुद्दल अधिक सगळं थकलेलं व्याज!

समजा, एकाने शंभर रुपये घेतले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. वर्षाचं व्याज चोवीस, तीन वर्षांचं बहात्तर. आता नवा रोखा झाला १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो होतो जवळजवळ २९६ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ ५०९ रुपयांचा. तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. तोच जुना रोखा नऊ वर्षं चालला असता, तर साध्या व्याजाने ३१६ रुपये झाले असते. आणि दामदुपटीच्या रिवाजाने फक्त २००.

कर्ज घेतलं होतं शंभरच. सगळा फरक पडला तो कागद बदलल्याने.

बरं, त्या कागदावर काय लिहिलंय हे तरी शेतकऱ्याला वाचता येत होतं का? नाही. सही येत नसे म्हणून तो नांगराची निशाणी करी. पैसे फेडले तर पावती मिळेलच असं नाही. वहीत किती मांडलंय हे मांडणाऱ्यालाच ठाऊक. आणि कज्जा कोर्टात गेला की कोर्ट काय पाहणार? कागद! रोखा दाखवला की सावकाराला हुकूमनामा मिळे. मग बैल जात, घर जाई, जमीन जाई.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, सुप्याच्या बाजारात नेमके कागदच का जळाले ते.

आधी काय केलं होतं?

ताई म्हणाली, “पण काका, एकदम जाळायचं? आधी सांगून नाही का पाहायचं?”

मला तिचा प्रश्न फार आवडला. कारण तसं झालंही होतं.

सुप्याच्या घटनेआधी पाच महिने, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात दीडशे रुपयांच्या देण्यापायी एका देशमुखाचं घरदार सावकाराच्या ताब्यात गेलं. गाव चिडलं. पण कुणी हात उगारला नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं, सावकाराशी संबंधच ठेवायचा नाही. त्याच्या शेतात कुणी राबेना. न्हावी त्याची हजामत करेना. पाणी भरणारा पाणी भरेना. या असहकाराची बातमी आसपासच्या गावांत पसरली आणि तिथेही तसंच सुरू झालं. गांधीजी तेव्हा पाच वर्षांचे होते!

आणि इकडे पुणे शहरात? २ एप्रिल १८७० रोजी इथे ‘सार्वजनिक सभा’ स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रमुख. लोकांच्या कामात ते इतके बुडालेले असत की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले आणि सभेच्या कामाला आणखी जोर चढला. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली आणि सारा जड होतोय हे सरकारला अर्जाअर्जांतून सांगितलं. ओरडून नाही, आकडे मांडून.

म्हणजे अर्ज झाले होते, असहकार झाला होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

“मग जाळलं ते बरोबरच केलं,” ताई म्हणाली.

थांबा. इतक्या पटकन निकाल देऊ नका. ज्यांची घरं आगीत सापडली, त्यांच्याही घरात लहान मुलं होती. सगळेच सावकार लबाड होते असंही नाही. त्यांनाही वरच्या व्यापाऱ्याचं देणं होतं. शिवाय यातले बरेच सावकार मारवाडी किंवा गुजराती होते, बाहेरून आलेले. जमावाच्या रागाला ‘हे आपले, ते परके’ असा रंग फार लवकर चढतो. आणि खरं दुखणं, म्हणजे वाढलेला सारा आणि रोख्याचा कायदा, ते तर सरकारच्या कचेरीत होतं. तिथवर सुप्याच्या बाजारातली आग पोचणार नव्हती. गंमत बघा, चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशननेही बोट दाखवलं ते मुख्यतः सावकाराकडेच! आपला सारा जास्त होता हे कबूल करायला सरकार तयार नव्हतं.

शेवटी मिळालं काय?

कमिशनचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. मधल्या काळात, १८७६ ते १८७८, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं दगावली. या दुष्काळातही सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली.

१८७९ साली ‘दख्खन शेतकरी मदत कायदा’ झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात काय होतं? कोर्टाने नुसता शेवटचा रोखा पाहायचा नाही, तर व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडलं किती? कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. तंटे गावातच मिटावेत म्हणून माणसं नेमायची. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं.

म्हणजे जे कागद लोकांनी जाळले, त्या कागदांच्या मागे जाऊन पाहायला कायदा शिकला. चार वर्षं लागली. कायद्याने सगळं गोड झालं असंही नाही. सावकारीही संपली नाही आणि सारा फारसा हलका झाला नाही. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तो उगाच नाही.

लाटण्याचा आवाज

आता शंभर वर्षं पुढे या. १९७२. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ. रेशनवर ‘मिलो’ नावाची परदेशी ज्वारी मिळे. दुष्काळी कामावर सुकडी मिळे. तुमच्या आजी-आजोबांना नुसतं ‘मिलो’ म्हणून पाहा, त्यांचा चेहरा बघा कसा होतो! तेल, साखर, रॉकेल सगळंच महाग झालं किंवा मिळेनासं झालं.

तेव्हा मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. हातात दगड नाही, काठी नाही. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणं! थाळीवर लाटणं बडवत मोर्चे निघाले. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. दोघींचे पक्ष वेगवेगळे होते, पण रिकाम्या डब्याला पक्ष नसतो. जन्मात कधी घोषणा न दिलेल्या गृहिणीही त्यांत आल्या. पोळी लाटायचं लाटणं आज रिकामं आहे, हे मंत्र्याला समजायला भाषण लागत नव्हतं.

खेड्यांत दुष्काळी कामांसाठी मोर्चे निघत होते. “फुकट नको, काम द्या” अशी मागणी होती. त्या काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, हे सरकारचं कर्तव्य ठरलं. पुढे २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

आणि आपल्या पुण्यात? १९७४ साली डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल असं ताजं, पोटभर जेवण मिळावं म्हणून. हाच माणूस मोर्चेही काढी आणि भाकरीही थापवून घेई. महागाईला उत्तर देण्याची ही आणखी एक तऱ्हा.

मोर्चा दिसला तर

एवढं होईपर्यंत बस सुटली होती. मोर्चातली माणसं आता खिडकीतून दिसत होती. बऱ्याच बायका होत्या, पायात साध्या चपला, हातात पाण्याच्या बाटल्या. एक आजीबाई दुभाजकाच्या कडेला टेकल्या होत्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काका, यांनी आधी अर्ज केला असेल का हो?”

मी म्हटलं, “विचारायला हवं.”

दोस्तांनो, प्रत्येक मोर्चा बरोबरच असतो असं मी म्हणणार नाही. काही मोर्चे नुसत्या गर्दीच्या हौसेपायी निघतात, काहींत दुसऱ्याच कुणाची पोळी भाजली जाते. आणि बसमध्ये अडकलेल्या माणसाची गैरसोय खोटी नसते. दवाखान्यात निघालेल्या माणसाला वाट मिळालीच पाहिजे. पण मोर्चा दिसला की वैतागण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारून पाहा. यांचं नेमकं म्हणणं काय? यांनी आधी कुणाला सांगून पाहिलं होतं, आणि त्यांनी ऐकलं का? यांचा राग योग्य दारापाशी चाललाय, की जवळ सापडलेल्या दुबळ्या माणसावर निघतोय? आणि यांचं म्हणणं मान्य झालं तर कुणाचं भलं होईल, कुणाचं नुकसान?

सुप्याच्या शेतकऱ्यांना हेच प्रश्न लावून पाहा. मी माझं उत्तर मुद्दामच सांगितलेलं नाही. घरात आई-बाबांशी वाद घाला. ते एक म्हणतील, तुम्ही दुसरं म्हणाल. काही बिघडत नाही.

ताईचा क्लास त्या दिवशी चुकलाच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्तमानपत्र घेऊन आमच्या दारात हजर! कालचा मोर्चा कसला होता, ते तिने शोधून काढलं होतं. बातमी होती आतल्या पानावर, चार ओळींची. “काका, पाऊण तासाच्या मोर्च्याची एवढीशीच बातमी?” तिने विचारलं.

त्याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही.

या आठवड्याचं काम : घरातल्या किंवा शेजारच्या आजीला विचारा, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घरी काय शिजत होतं? कुणी मोर्च्याला गेलं होतं का? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पत्राची वाट पाहतोय.

तुमचा,
काका